पटावरचे मरण : युद्धखेळ, स्मरण आणि उत्तरदायित्व

१

दिवाळीच्या तोंडावर महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतल्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. दगड रचून त्यांवर गोणपाट टाकायचे, ते चिखलाने लिंपायचे, उतारांवर हळीव किंवा मोहरी पेरायची, शिखरावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि पायऱ्यांवर मातीचे मावळे मांडायचे, हा क्रम महाराष्ट्रात सर्वत्र जवळपास सारखाच आहे. या दोन तालुक्यांत मात्र त्याला एक वेगळे परिमाण लाभते. ज्याची प्रतिकृती मुले करतात तो रायगड महाड तालुक्यातच आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागले की प्रतापगडाचा मुलूख लागतो. आणि तानाजी मालुसरे यांची समाधी असलेले उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. मूळ आणि प्रतिकृती यांच्यातले अंतर येथे अवघ्या काही कोसांचे आहे.

या मातीच्या किल्ल्याकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्याच्यावर सहसा शत्रू नसतो. मावळे पहाऱ्यावर असतात, तोफा बुरुजांवर असतात, पण वेढा कोणी घातलेला नसतो. कोणी हरत नाही, कोणी मरत नाही. किल्ला ‘मांडला’ जातो, ‘खेळला’ जात नाही. चार दिवसांनी तो पाण्याने आपोआप विरघळतो किंवा मोडून टाकला जातो. युद्धाची सर्व सामग्री येथे हजर आहे. गैरहजर आहे ते युद्ध.

याच्या नेमक्या विरुद्ध टोकाला असलेली एक प्रतिकृती १९७० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. जेम्स डनिगन यांनी रचलेला आणि बाल्टिमोरच्या ‘ॲव्हलॉन हिल’ या कंपनीने प्रकाशित केलेला ‘पॅन्झरब्लिट्झ’ हा पटावरचा खेळ दुसऱ्या महायुद्धातील पूर्व आघाडीवरच्या रणगाड्यांच्या लढायांवर आधारलेला आहे. युद्धखेळांच्या इतिहासात त्याला अभिजात कृतीचे स्थान मिळाले. येथे शत्रू आहे, किंबहुना शत्रूवाचून या खेळाला अस्तित्वच नाही. मरणही आहे, आणि ते अत्यंत काटेकोरपणे मोजलेले आहे. नाही ते स्मरण.

एका प्रतिकृतीत स्मरण आहे पण शत्रू नाही. दुसरीत शत्रू आहे पण स्मरण नाही. या दोन टोकांच्या मध्ये जो प्रश्न उभा राहतो तो असा : युद्धाची प्रतिकृती करणारा माणूस त्या युद्धातील मरणाशी कोणते नाते जोडतो, आणि त्या नात्याला नैतिक म्हणता येईल काय?

२

प्रश्नाचा विचार करण्याआधी ‘पॅन्झरब्लिट्झ’ची रचना समजून घेणे आवश्यक आहे. खेळात पुठ्ठ्याचे तीन पट असतात आणि ते वेगवेगळ्या प्रकारे एकमेकांना जोडता येतात. कसेही जोडले तरी रस्ते आणि टेकड्या जुळतात. पटावर षट्कोनी घरांची जाळी आहे. एक घर म्हणजे अडीचशे मीटर जमीन, एक डाव म्हणजे सहा मिनिटांचा काळ. पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या रणगाड्यांची, तोफांची आणि पायदळाची पथके दर्शवतात. वाहनांच्या सोंगट्यांवर छायाकृती आणि चार आकडे असतात : मारा, पल्ला, बचाव आणि चाल. मारा करणाऱ्याचे बळ आणि सोसणाऱ्याचा बचाव यांचे प्रमाण काढायचे, फासा टाकायचा आणि निकालकोष्टकात पाहायचे. काही होत नाही, पथक विस्कळित होते, किंवा नष्ट होते. नष्ट झालेली सोंगटी पटावरून उचलून ठेवली जाते.

या रचनेमागे दीडशे वर्षांची परंपरा आहे. प्रशियात फोन राइसविट्झ पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात घडवलेला युद्धखेळ लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम घालून दिले, आणि ही छोटी लढाई मोठ्या लढाईपेक्षा किती बरी, असा युक्तिवाद केला. दुसऱ्याच वर्षी मोठी लढाई सुरू झाली. तिच्यामुळे वेल्स यांचा युक्तिवाद खोटा ठरला असे म्हणता येणार नाही, कारण खेळ खेळल्याने युद्ध टळते असा त्यांचा दावा नव्हता. परंतु खेळ आणि युद्ध यांच्यातील नाते ‘याऐवजी ते’ अशा सोप्या अदलाबदलीचे नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

३

युद्धखेळाविषयीची नैतिक चर्चा बहुधा दोन ठराविक भूमिकांमध्ये अडकून पडते. पहिली भूमिका आक्षेपकाची. तिच्या मते युद्धाचा खेळ करणे म्हणजे हिंसेला रंजक करणे आणि मनाला तिची सवय लावणे. दुसरी भूमिका समर्थकाची. तिच्या मते खेळ हे एक स्वतंत्र विश्व आहे. त्याच्या सीमेच्या आत जे घडते त्याला बाहेरचे मापदंड लावणे हा कोटिप्रमाद होय. योहान हुयझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात खेळाला दैनंदिन जीवनापासून अलग झालेले, स्वतःच्या स्थलकालात आणि स्वतःच्या नियमांत चालणारे कृत्य मानले. समर्थकाची भूमिका बहुतेक वेळा याच विवेचनाचा आधार घेते.

मराठी समीक्षेच्या वाचकाला हा वाद अपरिचित वाटणार नाही. कलाकृतीची स्वायत्तता आणि तिची लौकिकाशी असलेली बांधिलकी यांच्यातला तो जुनाच वाद वेगळ्या वेषात येथे आलेला आहे. मर्ढेकरांनी सौंदर्यानुभवाला लौकिक अनुभवापासून वेगळे काढले, रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना दोन ध्रुवांमध्ये ताणलेली आहे असे दाखवून या वादाला नवे वळण दिले. खेळाच्या बाबतीतही ही द्विध्रुवात्मकता मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बुद्धिबळातला वजीर मारला गेला म्हणून कोणी शोक करीत नाही, कारण वजीर आता कोणत्याही राज्यातला उरलेला नाही. ‘पॅन्झरब्लिट्झ’मधली सोंगटी मात्र विशिष्ट सैन्यातली, विशिष्ट वर्षातली, विशिष्ट बनावटीच्या रणगाड्यांची आहे. तिच्यावरचे आकडे खऱ्या चिलखताच्या जाडीवरून आणि खऱ्या तोफेच्या पल्ल्यावरून काढलेले आहेत. खेळाचे सारे आकर्षण या संदर्भनिष्ठेत आहे. मग मरणाचा प्रश्न येताच ‘हा तर केवळ पुठ्ठा’ असे म्हणून संदर्भ नाकारता येत नाही. चिलखताच्या जाडीपुरते लौकिकात राहायचे आणि चिलखताच्या आत बसलेल्या माणसांच्या बाबतीत अलौकिकात जायचे, ही सवलत कोणत्याही सिद्धान्ताने दिलेली नाही.

आक्षेपकाची भूमिकाही तितकीच अपुरी आहे. पट मांडून तासन्‌तास आकडेमोड करणाऱ्या खेळाडूच्या मनात रक्तपाताची लालसा असते असे मानायला आधार नाही. त्याला ओढ असते ती निर्णयाची. प्रश्न त्याच्या वासनेचा नाही, त्याच्या व्याकरणाचा आहे. खेळ त्याला मरणाविषयी कोणत्या प्रकारची वाक्ये रचायला शिकवतो आणि कोणती वाक्ये रचूच देत नाही, हे पाहायला हवे.

४

मरणाचे व्याकरण प्रत्येक खेळात असते. रायगड जिल्ह्यात कबड्डीचे वेड सर्वज्ञात आहे. जुन्या हुतूतूच्या परिभाषेत बाद झालेला गडी ‘मरतो’ आणि परत आलेला गडी ‘जिवंत होतो’. त्या मरणाचे किमान तीन प्रकार परंपरेने ओळखले आहेत. ‘संजीवनी’ पद्धतीत प्रतिपक्षाचा एक गडी मेला की आपला एक मेलेला गडी उठून आत येतो. ‘गामिनी’ पद्धतीत मेलेला गडी सगळा संघ मरेपर्यंत बाहेरच बसतो. ‘अमर’ पद्धतीत गडी मरतच नाही; गुण लिहिला जातो आणि खेळणारा आतच राहतो.

वरवर पाहता हे केवळ खेळाच्या सोयीचे नियम आहेत. तथापि त्यांत मरणाविषयीच्या तीन निरनिराळ्या धारणा दडलेल्या दिसतात. संजीवनीत मरण देवाणघेवाणीच्या हिशेबात बसते. शत्रूचा प्राण ही आपल्या प्राणाची किंमत ठरते. गामिनीत मरण म्हणजे प्रतीक्षा; मेलेला कडेला बसून जिवंतांचा खेळ पाहतो. अमर पद्धतीत मरणाचे रूपांतर निव्वळ अंकात होते. या तिन्ही पद्धतींत एक समान गोष्ट आहे : मेलेला गडी कोठेतरी असतो. रेषेबाहेर तो बसलेला दिसतो, धापा टाकतो, ओरडतो, खेळ संपल्यावर उठून घरी जातो. ‘मरणे’ या शब्दाचे लाक्षणिकत्व त्याच्या धडधडणाऱ्या देहानेच सिद्ध होत असते.

युद्धखेळातील सोंगटीला असा देह नाही. तिचे मरण लाक्षणिक आहे हे दाखवणारा कोणीही रेषेबाहेर बसलेला नसतो. उचललेल्या सोंगट्यांचा ढीग कडेला साचतो, आणि तो संख्येखेरीज काहीही सांगत नाही. त्यामुळे युद्धखेळात एक विचित्र उलटापालट होते. सोंगटी ज्यांच्या ऐवजी उभी आहे ती माणसे खरोखर मेलेली आहेत. तरीही येथे ‘मरणे’ हा शब्द हुतूतूतल्या शब्दापेक्षाही हलका होतो. संदर्भ जितका खरा, तितके मरण पोकळ. पहिला नैतिक दोष शोधायचा तर तो येथे आहे. मात्र खेळाडूच्या क्रौर्यात तो सापडणार नाही. चिन्ह आणि चिन्हित यांच्यातल्या या विषमतेत तो आहे.

५

नियमांचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. कोणत्याही नियमसंहितेत एक दृष्टिकोन बांधलेला असतो, आणि जे त्या दृष्टिकोनात येत नाही ते पटावर घडतच नाही. ‘पॅन्झरब्लिट्झ’च्या खेळाडूंना याचा प्रत्यय एका विनोदी वाटणाऱ्या अडचणीतून आला. मूळ नियमांनुसार मारा फक्त आपल्या डावात करता येत असे, आणि झाडीत दडलेले पथक शत्रू अगदी शेजारच्या घरात आल्याखेरीज दिसत नसे. परिणामी रणगाडे एका झाडीतून निघून उघडे माळरान ओलांडून दुसऱ्या झाडीत शिरत, आणि शत्रूच्या तोफा समोर असूनही गप्प राहत. उघड्यावरून चाललेले सैन्य अदृश्य ठरत होते, कारण ते पाहण्याचा क्षणच नियमांत नव्हता. खेळाडूंनी या प्रकाराला थट्टेने ‘पॅन्झरबुश’ असे नाव दिले. १९७४ साली आलेल्या ‘पॅन्झर लीडर’ या पुढच्या खेळात चालणाऱ्या शत्रूवर त्याच्याच डावात मारा करण्याची तरतूद करून ही उणीव भरून काढण्यात आली.

ही दुरुस्ती उद्बोधक आहे. एक अदृश्यता खेळाडूंना खुपली आणि ती दूर झाली, कारण ती लढाईच्या तर्कात अडथळा आणीत होती. दुसरी अदृश्यता कोणाला खुपली नाही. पूर्व आघाडीवर सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक नागरिक होती. लेनिनग्राडचा वेढा सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत चालला. बेलारूसमधील खातिन या गावी २२ मार्च १९४३ रोजी १४९ गावकरी मारले गेले. त्यांतले बहुतेक कोठारात कोंडून जाळले गेले. अडीचशे मीटरच्या घरात खातिनसारखे गाव सहज मावते. पटावर गाव म्हणजे बचावाला अनुकूल जागा, इतकेच. गावात कोणी राहत नाही.

तरीही पटाला आपल्या मौनाची काहीशी जाणीव असावी, असे वाटायला लावणारी एक खूण पटावरच आहे. हे पट कोणत्याही खऱ्या जागेचे नकाशे नाहीत. त्यांवरची गावे कल्पित आहेत. त्या गावांना दिलेली नावे रशियन वाटतात आणि बहुतेक खेळाडू ती नावे म्हणूनच वाचतात. परंतु ‘गोलोद’ म्हणजे भूक, ‘बेद्नोस्त’ म्हणजे दारिद्र्य, आणि आणखी नावांचे अर्थ भय आणि उजाडपणा असे आहेत. ज्याला रशियन भाषा येते त्याच्या दृष्टीने पटाची संहिता अचानक दुभंगते. सेनापती भुकेच्या दिशेने रणगाडे पुढे सरकवतो, दारिद्र्याच्या आडोशाला पथक दडवतो. नावे देणाऱ्याचा हेतू गंभीर होता की मिश्कील, याने फारसा फरक पडत नाही. संहितेने जे मुख्य प्रवाहातून वगळले ते तिच्या कडेला, अनुवाद न केलेल्या शब्दांत शिल्लक राहिले, हे महत्त्वाचे. अर्थात वाचता न येणारी स्मृती ही जवळपास विस्मृतीच होय. मौनाची जाणीव असणे आणि मौन मोडणे यांत मोठे अंतर आहे.

६

येथवरच्या विवेचनातून युद्धखेळ केवळ दोषी ठरतो असे वाटेल. तसे नाही. त्याच्याजवळ एक असे नैतिक सामर्थ्य आहे की जे मातीच्या किल्ल्याजवळ नाही आणि पोवाड्याजवळही नाही. ते म्हणजे शत्रूच्या जागी बसण्याची सक्ती.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले त्यावर अज्ञानदासाने पोवाडा रचला; तानाजीच्या १६७० मधील मृत्यूवर तुळशीदासाने रचला. पोवाड्याचा श्रोता पहिल्या ओळीपासून एका बाजूला उभा असतो. अफझलखान त्याच्यापुढे येतो तो संकटाच्या रूपात. हे पोवाड्याचे वैगुण्य नव्हे; समूहाचे स्मरण जागवणे हे त्याचे कार्यच आहे, आणि स्मरणाला बाजू असते. पण जावळीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या सेनापतीला समोर काय दिसत असेल, हा प्रश्न पोवाडा विचारू शकत नाही. १६५६ मध्येच जावळी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली होती. दाट झाडी, अरुंद वाटा, घोडदळाला आणि हत्तींना निरुपयोगी करणारे चढउतार, आणि प्रतिपक्ष घाबरला आहे असे सांगणारे वकील. पटावर खानाच्या बाजूला बसलेल्या खेळाडूला या प्रत्येक गोष्टीचा विचार शत्रूच्या डोक्याने करावा लागेल. तो विचार करताना त्याला खान मूर्ख होता असे म्हणता येणार नाही, आणि दैवाने सारे घडवले असेही म्हणता येणार नाही. महाराजांच्या रणनीतीची खरी उंची समजण्याचा तो बहुधा सर्वांत प्रामाणिक मार्ग ठरेल. फसणारा शहाणा होता हे कळल्याशिवाय फसवणाऱ्याचे शहाणपण कळत नाही.

या मार्गालाही एक मर्यादा आहे. पटावर बसलेल्या खेळाडूला शेवट माहीत असतो. तो खानाला जावळीत उतरवणारच नाही. ‘जर-तर’चे स्वातंत्र्य घेताना तो अज्ञान गमावतो, आणि युद्धातला निर्णय नैतिक ठरतो तो अज्ञानामुळेच. पुढे काय होणार हे माहीत नसताना माणसांना पुढे पाठवणे, हे सेनापतीचे ओझे. फासा अनिश्चितता देतो, पण अज्ञान देत नाही. सहा बाजूंपैकी कोणती येईल हे खेळाडूला ठाऊक नसते. बाजू सहाच आहेत हे मात्र पक्के ठाऊक असते.

शत्रूच्या जागी बसणे ‘पॅन्झरब्लिट्झ’मध्ये आणखी एका अर्थाने अवघड होते. येथे एका खेळाडूला जर्मन बाजू घ्यावीच लागते. खेळाचे नावही जर्मन शब्दांचे आहे, आणि त्यात त्या सैन्याच्या यंत्रवैभवाची मोहिनी स्पष्ट ऐकू येते. जर्मन सेनापतीच्या डोक्याने विचार करण्यात काहीही अनैतिक नाही. इतिहासकार तेच करतो. पण इतिहासकार त्या विचाराचा शेवट खातिनपर्यंत नेतो. खेळाडूला शत्रूचे कौशल्य मिळते, शत्रूचा अपराध मिळत नाही. ज्या उद्दिष्टासाठी ते रणगाडे पूर्वेकडे चालले होते ते पटाबाहेर ठेवले की उरते ते नितळ कौशल्य, आणि नितळ कौशल्यावर प्रेम करणे फार सोपे असते. साधारणीकरणाच्या प्रक्रियेत विभावांचे विशेषत्व गळून पडते असे भट्टनायकापासून मानले गेले आहे. रसिकाला त्यामुळे मुक्त आस्वाद घेता येतो. येथे मात्र जे विशेषत्व गळून पडते ते नेमके अपराधाचे आहे, आणि म्हणून ही मुक्ती संशयास्पद ठरते.

७

यापुढचा प्रश्न खेळाडूच्या जागेसंबंधीचा आहे. पटावर दोन प्रकारची अस्तित्वे असतात : जो सोंगटी हलवतो तो, आणि सोंगटी जिच्या ऐवजी उभी असते ती माणसे. युद्धखेळ नेहमी पहिल्याच्या जागेवरून खेळला जातो. महाड तालुक्याचा इतिहास मुख्यतः दुसऱ्यांचा इतिहास आहे.

फौजी आंबवडे या गावाने आपल्या नावातच लष्कर वागवले आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथील पुरुष सैन्यात जात आले. दोन्ही महायुद्धांत ते लढले. पहिल्या महायुद्धानंतर सैनिक पुरवणाऱ्या अनेक गावांतून ब्रिटिश सरकारने स्मारकशिळा बसवल्या. त्यांवरच्या मजकुराचा साचा ठरलेला असे : या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावे नाहीत, दोन आकडे. सोंगटीवरच्या आकड्यांशी या आकड्यांचे नाते उघड आहे. मेसोपोटेमियात सहाव्या पूना डिव्हिजनने बगदादकडे जाण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्या दृष्टीने मराठा पलटणी हे मनुष्यबळ होते. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे ती डिव्हिजन वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. पट लंडन-सिमल्याचा, सोंगट्या कोकण-देशावरच्या.

परंतु सोंगटीला स्वतःचा इतिहास असतो, आणि महाडमध्ये तो सर्वांत ठळकपणे दिसतो. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती थांबवली गेली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी यासाठी त्यांनी अर्जाचा मसुदा केला. ज्यांना पटावरची सोंगटी होण्याचाही हक्क नाकारला गेला, त्यांची ही मागणी होती. सोंगटीची अनामता हा सैनिकाचा अपमान आहे, असे वर सुचवले गेले. त्या मताला येथे एक दुरुस्ती करावी लागते. ज्या समाजात नावाबरोबर जात येते तेथे अनाम, समान, फक्त बळाच्या आकड्याने ओळखले जाणे ही काहींना मुक्तीही वाटली असेल. लष्करातील शिक्षण आणि शिस्त घेऊन परतलेल्या पिढ्यांनी गावकुसाबाहेरच्या जीवनाकडे नव्या नजरेने पाहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला जे हजारो लोक चालत गेले, त्या घटनेमागच्या घडणीत या लष्करी परंपरेचाही वाटा आहे. सोंगटी पटावरून उतरून आपल्या पायांनी चालू लागली की तिची चाल कोणत्याही आकड्यात बसत नाही.

खेळाच्या नीतीला येथून एक निकष मिळतो. सोंगटीला अनाम करणे हा स्वतःहून दोष नाही. तिला खेळाडूची जागा कधीच मिळू नये, अशी रचना हा दोष आहे.

८

वीरगळ हा शिल्पप्रकार महाराष्ट्रात गावोगाव आढळतो. त्यावरचा वीरही बहुधा अनाम असतो. खालच्या चौकटीत पडलेला देह, मधल्या चौकटीत लढाई, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. लढाई ही येथे अनेक चौकटींपैकी एक आहे. तिच्यानंतरही काहीतरी आहे आणि त्याला काळाची साक्ष आहे. ‘पॅन्झरब्लिट्झ’मध्ये फक्त मधली चौकट आहे. सहा-सहा मिनिटांचे डाव संपले की काळ संपतो. युद्धखेळाची खरी उणीव नेमकी सांगायची तर ती अशी : त्याला ‘नंतर’ नाही.

रणगाड्यांच्या युद्धाला ‘नंतर’ असते याचे उदाहरण भारतीय उपखंडातच आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ‘पूना हॉर्स’ या रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल पेटलेला रणगाडा न सोडता लढत राहिले आणि मारले गेले. त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पुण्याचे नाव १८१७ पासून वागवणारी ही रेजिमेंट, आणि रणगाडादलाचे प्रशिक्षण केंद्र ज्या अहमदनगरात (आताच्या अहिल्यानगरात) आहे ते शहर, यांमुळे या घटनेचा मराठी मुलखाशी संबंध जुळतो. पुढे २००१ साली त्यांचे वयोवृद्ध वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल, पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये त्यांचे आदरातिथ्य ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी केले. मुक्कामाच्या अखेरीस यजमानाने पाहुण्याला सांगितले की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यांचे नेतृत्व आपण करीत होतो आणि तुमचा मुलगा आपल्या हातून मारला गेला.

या प्रसंगाला क्षमेची कथा म्हणणे सोपे आहे, पण ते त्याचे अवमूल्यन होईल. येथे नैतिक कृती आहे ती सांगण्याची. तीस वर्षे कोणी विचारले नव्हते. न सांगता पाहुणचार पूर्ण झाला असता. सांगणाऱ्याने आपण खेळाडू नव्हतो, आज्ञाधारक सोंगटी होतो, असा आडोसाही घेतला नाही. ‘माझ्या हातून’ हे शब्द कोणत्याही निकालकोष्टकात नाहीत. उत्तरदायित्व म्हणजे काय, याची व्याख्या करायची तर ती अशी करता येईल : उचललेल्या सोंगटीचा बाप समोर आला असता त्याला सांगता येईल असे वाक्य आपल्याजवळ असणे.

हा निकष युद्धखेळाला लावला तर त्याचा निषेध करण्याचे कारण उरत नाही, आणि त्याला निर्दोष ठरवण्याचेही नाही. खेळाने शत्रूच्या जागी बसायला शिकवले, हे त्याचे देणे मान्य केले पाहिजे. मातीच्या किल्ल्याने आणि पोवाड्याने ते दिलेले नाही. त्याचबरोबर खेळ जे देऊ शकत नाही ते खेळाडूने बाहेरून आणले पाहिजे. पटावरच्या गावांची नावे कोणत्या भाषेतली आहेत आणि त्यांचा अर्थ काय, हे त्याने विचारावे. आपण कोणत्या जागेवरून हात पुढे करतो आणि त्या हाताखाली कोणाच्या गावचे लोक आहेत, हेही विचारावे. दिवाळीनंतर मातीचा किल्ला विरघळतो तेव्हा त्यावरचे मावळे धुऊन, पुसून पुढच्या वर्षासाठी जपून ठेवले जातात. खेळ संपल्यावर सोंगट्याही मोजून पेटीत भरल्या जातात, मेलेल्या आणि जिवंत एकत्रच. दोन्ही हातांच्या हालचाली सारख्या दिसतात. भरता भरता मेलेल्या कोणत्या, हे जो क्षणभर आठवतो, त्याच्यापुरता खेळ आणि स्मरण यांच्यातला भेद थोडा कमी झालेला असतो.